लोणच्याच्या वासाचं ऑपरेशन थिएटर

मेलेलं खरोखर मेलं आहे का, हे पाहणं हा माझा व्यवसाय आहे. माणसांच्या बाबतीत हे काम डॉक्टर नाडी धरून करतात. जंतूंना नाडी नसते, त्यामुळे मला त्यांच्यापुढे जेवण वाढून वाट पाहावी लागते. जेवले, वाढले, की जिवंत. नाही जेवले तर मेले, किंवा रुसले. या रुसलेल्यांवर लक्ष ठेवण्यात माझी कळमेश्वरच्या औषध कारखान्यातली सगळी नोकरी गेली, आणि त्यांच्याच कृपेने पुढे नागपूरच्या प्रताप नगरात माझी स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. सकाळी उपाशीपोटी येऊन बाही वर करणारे अजूनही येतात. त्यांना शेजारच्या गल्लीत पाठवते. आम्ही माणसं तपासत नाही. टेबलं, भिंती, नळाचं पाणी, औषध भरायच्या यंत्राचं तोंड, असल्या वस्तू तपासतो. कापूस लावलेली काडी, म्हणजे स्वॅब, त्या जागेवरून फिरवायची, मग ती जंतूंचं जेवण ओतून थिजवलेल्या काचेच्या ताटलीवर फिरवायची आणि ताटली इन्क्युबेटर नावाच्या उबदार कपाटात ठेवायची. मे महिन्यात खोलीपेक्षा ते कपाट थंड असतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना हा विनोद वाटतो.

गिऱ्हाइकं नमुनेदार असतात. एका हॉस्पिटलचे व्यवस्थापक दर महिन्याला फोन करायचे, "मॅडम, रिपोर्ट आज देऊन द्या, स्वॅब उद्या पाठवतो. आमच्याकडे तसंही काही निघत नाही, तुम्ही काहून त्रास घेता?" मी म्हटलं, मग लग्नाआधी बारसं पण उरकून घ्या. ते दुखावले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेले. तिथे त्यांची सोय झाली असं ऐकलं.

दुसरा एक विक्रेता लिंबाच्या वासाची बाटली घेऊन आला होता. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतू मरतात.

"आणि उरलेले?" मी विचारलं.

"उरलेले किती असणार मॅडम? शून्य पूर्णांक एक टक्का."

"माझं घर त्या शून्य पूर्णांक एक टक्क्यावर चालतं," मी म्हटलं. त्याने बाटली परत पिशवीत घातली.

हा उरलेला कोण, ते आधी सांगते, नाहीतर पुढची हकीकत कळायची नाही. मातीत राहणारे काही जंतू असे असतात की उपासमार सुरू झाली की ते मरत नाहीत, दार लावून घेतात. जंतू स्वतःच्या आत एक बारीक दाणा तयार करतो, घरातला सगळा ऐवज त्यात भरतो आणि बाहेरचं अंग टाकून देतो. या दाण्याला बीजाणू म्हणतात. नागपूरकराला हे समजावणं सोपं जातं. मे महिन्याच्या दुपारी आपण काय करतो? खिडक्यांना पडदे, दाराच्या फटीला पायपुसणं, बाहेर जाणं अगदी टळत नसेल तर डोक्यातोंडाला दुपट्टा. खाणं नको, बोलणं नको, हलणं नको. बीजाणू तसाच असतो, फक्त त्याचा मे महिना वर्षानुवर्षं चालू शकतो. पुन्हा ओल आणि अन्न मिळालं की दुपट्टा सोडून कामाला लागतो.

त्याचा दुपट्टा अनेकपदरी असतो. मधे जवळजवळ कोरडा गाभा, त्याभोवती एक नाजूक पडदा, त्यावर जाड थर आणि सगळ्यांच्या वर प्रथिनांचं घट्ट विणलेलं कवच. कारखान्यात असताना मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली चित्रं पाहिली होती. बीजाणू खारकेसारखा दिसतो, लांबट आणि अंगावर उभ्या सुरकुत्या.

आता या खारकेवर स्पिरिट ओता. काहीही होत नाही. साधे जंतू स्पिरिटने पटापट मरतात, म्हणून आपला स्पिरिटवर विश्वास. पण मातीतून फक्त बीजाणू वेगळे काढायचे असले तर आम्ही प्रयोगशाळेत ती माती स्पिरिटमध्येच भिजवतो. बाकीचे मरतात, हे राहतात. तुम्ही ज्याने टेबल शुद्ध करता, त्याने आम्ही यांना निवडून घेतो. जुनी, डोळे झोंबवणारी औषधं वेगळं काम करतात. ती कवचाच्या प्रथिनांना एकमेकांत टाके घालतात, म्हणजे आतल्याला बाहेर येता येत नाही. टाके पुरते पडले तर तो आतच संपतो, कच्चे पडले तर कधीकधी उसवतात. ब्लीचच्या जातीची औषधं आणि पेरासिटिक ॲसिड मात्र कवच खातात. आधी सुरकुत्या पुसट होतात, मग खड्डे पडतात, मग खारीक एका बाजूने पिचलेल्या डबीसारखी बसते.

चित्र पाहून वाटतं, झालं काम. पण कवच हा नुसता दारावरचा पहारेकरी. त्याच्याशी झटापट करून जे औषध उरतं ते आतल्या पडद्यापर्यंत पोचतं आणि त्याला कमजोर करून ठेवतं. पुढे कधी बीजाणू जागा व्हायला लागला, पाणी शोषून फुगायला लागला, की तो पडदा फाटतो. म्हणजे हा झोपेत मरत नाही, उठताना मरतो. त्यासाठी औषध ओलं राहावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. किती वेळ, ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि बाटलीवरची तेवढीच ओळ कुणी वाचत नाही. मधेच पुसलंत तर कवचावर चार ओरखडे उठतात आणि आतला जरा उशिरा उठतो, इतकंच. जखमी झाला म्हणजे मेला, असं नसतं. लोक इथेच फसतात.

बेसाला एक डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर दिवाळीत फराळाचं ताट येणार नाही. तिथले डॉक्टर अतिशय काळजीपूर्वक काम करणारे. दर महिन्याला स्वतःहून ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, स्वॅब पाठवतात आणि रिपोर्ट वाचतातही. वाचणारे फार नसतात. त्यांच्या पत्नी माधवी वहिनी हॉस्पिटलचा कारभार पाहतात: पडदे, पाट्या, खुर्च्या, स्वागतकक्षातली कुंडी आणि वास. हॉस्पिटलला हॉस्पिटलसारखा वास येता कामा नये, असं त्यांचं मत आहे. आणि ओटीची साफसफाई बेबीताई करतात. हॉस्पिटल दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून त्या आहेत. वयाने माझ्याएवढ्या. डॉक्टरांच्या डॉक्टरकीपेक्षा आपल्या पुसण्यावर त्यांचा अधिक भरवसा.

डॉक्टर दर खंडेनवमीला ओटीतच शस्त्रपूजा करत. हत्यारांचा ट्रे टेबलावर, ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपला हळदकुंकू, दिव्याच्या दांडीला झेंडूचा हार. झेंडू शेतातून येतो, म्हणजे मातीतून येतो, आणि त्याच्यासोबत दुपट्टा बांधलेली ती सगळी मंडळी येतात. मी एकदा तसं म्हटलं होतं.

"मॅडम, ज्या हत्यारांवर पोट चालतं त्यांना वर्षातून एकदा नमस्कार पण नाही करायचा?"

"करा न. बाहेर करा."

"देवाला काय बाहेर उभं करू?"

देवाचा स्वॅब घेण्याची पद्धत अजून निघालेली नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या स्वॅबमध्ये टेबलाची कड, दिव्याची दांडी आणि ट्रॉली, तिन्हीकडून वाढ निघाली. ताटलीवर कोरड्या, सुरकुतलेल्या चकत्या, शिळ्या पिठल्यावर साय धरावी तशा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, बीजाणूवालेच. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच तासाला ऑपरेशनं थांबवली, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. डोळ्याच्या आत असा एक जंतू शिरला तर डोळा जाऊ शकतो. कळमेश्वरकडच्या खेड्यांतून मोतीबिंदूसाठी आलेली म्हातारी माणसं डोळ्यांत थेंब घालून बसली होती, त्यांना परत पाठवलं. दिवाळीआधी दिसायला लागेल असं त्यांना सांगितलेलं होतं.

मी डॉक्टरांना व्हिनेगरसारखा आंबट वास असणारं पेरासिटिक ॲसिडचं औषध सुचवलं. त्यांनी लगेच आणलं. ओटी धुतली, पुन्हा स्वॅब पाठवले. पुन्हा वाढ. आधीपेक्षा कमी, पण होती.

"मॅडम," डॉक्टर फोनवर म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं औषध आणलं. आता ओटी लोणच्याच्या बरणीसारखी वास मारून राहिली आहे, आणि जंतू आहेतच. आता सांगा, औषध खोटं, का रिपोर्ट खोटा, का बाई खोटी?"

औषध मी सुचवलेलं. रिपोर्ट माझा. तिसरं उत्तर सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

"त्या बाईचं आता वय झालं हो," डॉक्टर पुढे म्हणाले. "साफसफाईची एक एजन्सी येऊन गेली. गणवेश, बूट, मशीन, सगळं त्यांचंच. पुढच्या वेळी वाढ निघाली तर मी बेबीताईंना थांबवतो. तुमच्या रिपोर्टची वाट पाहतो."

म्हणजे बाईचं काम राहणार की जाणार, हे आता माझ्या ताटलीवर उगवणार होतं. आमच्या वयाच्या बाईला नवीन काम कोण देतं, हे मला कुणी सांगायला नको. कारखाना सोडला तेव्हा मुलाखतींना गेले होते. सगळ्यांनी चहा दिला.

माझा एक नियम आहे. पुसणारा हात पाहिल्याशिवाय मी कुठल्याही औषधाला नापास करत नाही. दुसऱ्या दिवशी बेसाला गेले, ओटीच्या दाराला काचेचा झरोका आहे तिथे उभी राहिले आणि बेबीताईंना म्हटलं, रोज करता तसं करा, मी नाही असं समजा.

त्यांनी औषध मापाने घेतलं. पाणी मापाने घातलं. टेबल कडेपासून कडेपर्यंत पद्धतशीर ओलं केलं, एक कोपरा सुटला नाही. मी मनात पूर्ण गुण दिले. आणि मग त्यांनी लगेच दुसरी बादली ओढली, साध्या पाण्याचं फडकं फिरवलं, त्यावर स्पिरिट, त्यावर कोरडं फडकं, आणि टेबल असं घासलं की छतावरचा दिवा त्यात दिसायला लागला. शेवटी कोपऱ्यातली मोगऱ्याची फवारणी उचलून चारही भिंतींना दाखवली.

औषधाला टेबलावर नीट बसायलाही मिळालं नव्हतं. कवचाला ओरखडा काढतं न काढतं तोच त्याला उठवलं होतं. नंतर स्पिरिटने बाकीचे जंतू मारून या मंडळींना सगळं टेबल मोकळं करून दिलं होतं. इतकी मन लावून केलेली चुकीची सफाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

माधवी वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पाहा मॅडम, चेहरा दिसतो की नाही टेबलात?"

"दिसतो," मी म्हटलं. मग दार ढकलून विचारलं, "बेबीताई, औषध लावल्याबरोबर पाण्यानं काहून पुसलं?"

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि मान खाली घातली. "आमी असंच पुसतो जी."

"घाई असते हो या लोकांना," माधवी वहिनी मोबाइलमध्ये पाहत म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं?"

घाईतलं माणूस तीन फडकी वापरत नाही. बेबीताई बादल्या घेऊन मागच्या मोरीकडे गेल्या, तशी मीही हात धुवायच्या निमित्ताने गेले.

"आता सांगा. काहून पुसता?"

"वैनीले वास खपत नाई जी. दारापाशी लोक इचारतेत, कॅन्टीन कुठी हाय म्हनून. वैनी म्हने, बेबी, वास जाईपर्यंत पूस. म्या पुसलं."

"मग हे साहेबांना सांगा न!"

बेबीताईंनी फडकं पिळलं. "कोनाचं नाव घेऊ साहेबासमोर? त्यायच्याच बायकोचं?"

"काम जाईल तुमचं."

"काम गेलं तं दुसरं भेटन. नवराबायकोत भांडन लावलं म्हनून नाव झालं, तं तिसरं बी नाई भेटनार. अन् तुमी बी सांगू नोका, तुमाले माह्यी शप्पथ हाय."

शपथा मी मानत नाही. पण त्यांचा हिशेब बरोबर होता आणि बरोबर हिशेबापुढे मी काही करू शकत नाही. शिवाय आमच्या रिपोर्टच्या छापील नमुन्यात जागा, वाढ आणि जंतूचा प्रकार एवढे रकाने आहेत. कुणाच्या सांगण्यावरून, असा रकाना नाही. "औषधास पुरेसा वेळ मिळाला नाही" असं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी एजन्सीला फोन केला असता. पुरेसा वेळ न देणारे हात कुणाचे, ते सगळ्यांना दिसत होतं. सांगणारं तोंड कुणाचं, ते नव्हतं.

तेव्हा मी लिहिलं काहीच नाही. डॉक्टरांना म्हटलं, तुमचं औषध खरं की खोटं ते तुमच्या डोळ्यांसमोर पाहू. प्रताप नगरला या, आणि येताना वहिनींना आणा, खरेदी त्या करतात.

दोघं आले. मी स्टीलच्या तीन चकत्या तयार ठेवल्या होत्या, टेबलाच्याच जातीच्या, त्यांच्यावर निरुपद्रवी बीजाणू सुकवलेले. पहिलीवर स्पिरिट फिरवलं. दुसरीवर त्यांच्याच बाटलीतलं औषध लावलं आणि लगेच पाणी, स्पिरिट, कोरडं फडकं, बेबीताईंसारखं चकचकीत करून ठेवली. तिसरीवर औषध लावलं आणि हात मागे घेतले.

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"मग काही नाही. बसायचं."

लोणच्याचा वास खोलीभर झाला. माधवी वहिनींनी ओढणी नाकाला लावली. "किती तो वास! याचं काही करता येत नाही का?"

"तो वासच काम करून राहिला आहे," मी म्हटलं. "वास घालवला की कामगारच घालवला."

डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. "इतका वेळ ठेवायचं?"

"बाटलीवर लिहिलं आहे."

त्यांनी बाटली उचलून वाचली. ज्या माणसाने औषधाची रासायनिक घडण मला फोनवर तोंडपाठ म्हणून दाखवली होती, तो ती ओळ पहिल्यांदा वाचत होता. वेळ झाल्यावर मी चकतीवरचं उरलेलं औषध निकामी केलं, नाहीतर ते ताटलीतही मारत बसतं आणि मग निकाल खोटा येतो. तिन्हींचे स्वॅब ताटल्यांवर फिरवून कपाटात ठेवले. निकाल बघायला दोघांनीही यायचं, असं बजावून त्यांना निरोप दिला.

दोघं परत आले तेव्हा तिन्ही ताटल्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. स्पिरिटची ताटली गच्च भरलेली, बोट ठेवायला जागा नाही. पुसलेल्या चकतीच्या ताटलीवर विरळ, पण स्पष्ट ठिपके, काही बारके, उशिरा उठलेले. ओल्या ठेवलेल्या चकतीची ताटली कोरी.

डॉक्टर हुशार आहेत, त्यांना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे औषध खरं, रिपोर्ट खरा. बाई पुसून टाकत होती!" त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "मी म्हणत नव्हतो? एजन्सीला सांगून टाकतो आजच."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

माझ्याकडे एक वाक्य होतं, पण ते मोरीपाशी मिळालेलं, माझं नव्हे. ज्यांचं होतं त्या समोर बसून दुसऱ्या ताटलीकडे पाहत होत्या. अशा वेळी यजमानीण म्हणून चहा विचारायचा असतो. मी विचारला नाही. चहा विचारला असता तर सगळं पुसून गेलं असतं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की लावा आणि हात मागे घ्या. त्या दिवशी मी स्वतः ते करत होते आणि सांगते, फार अवघड आहे. हात आपोआप फडक्याकडे जातो.

डॉक्टर नंबर शोधत होते. माधवी वहिनींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पंखा फिरत होता. मला वाटलं, नाही होणार. कवच जाड आहे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तिला."

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"वास जाईपर्यंत पूस म्हणून मीच सांगितलं. लोक विचारायचे, कॅन्टीन कुठे आहे. आपल्या ओटीच्या दारात! मला काय माहीत वासाचं?"

डॉक्टर बायकोकडे पाहत राहिले, मग ताटलीकडे, मग माझ्याकडे. मी स्पिरिटच्या ताटलीवर झाकण नीट बसवलं. शेवटी त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि आता कुणावर तरी चिडणं भाग असल्यामुळे म्हणाले, "या कंपनीवाल्यांना पण जरा बरा वास घालता येत नाही का?"

तेव्हा मी चहा विचारला.

पुढे औषध ओलं ठेवून ओटी धुतली. स्वॅब कोरे आले. कळमेश्वरकडची माणसं पुन्हा आली, आणि दिवाळीआधी पट्टी निघून घरी गेली. एजन्सी आली नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहावं तसं झालं. पण ज्या दिवशी मी कोरा रिपोर्ट द्यायला गेले त्या दिवशी डॉक्टरांनी बेबीताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "बेबीताई, या वेळी जाऊ देतो. पुन्हा असं पुसायचं नाही."

बेबीताई म्हणाल्या, "हो जी."

माधवी वहिनी कुंडीतली सुकलेली पानं काढत होत्या. त्या एकदा आमच्याकडे वळल्या आणि परत कुंडीकडे वळल्या. त्यांची हिंमत प्रताप नगरात खर्च झाली होती, बेसापर्यंत पुरली नाही. ज्या गोष्टीबद्दल माफी मागायची तिच्याबद्दलच माफी देण्यात आली. बाहेर आल्यावर मी बेबीताईंपाशी चिडले. म्हटलं, हे बरोबर झालं नाही.

"जाऊ द्या न मॅडम," त्या म्हणाल्या. "ते माफी मांगते, तं मी का करते तिचं? भाजीत टाकते? काम हाय न." आणि मग जरा थांबून, "पन एक सांगा. ते वलं ठेवलं, तं मेले का समदे?"

मी खरं ते सांगितलं. सगळे मेले असं मी कधीच म्हणत नाही. आज उठले नाहीत, एवढंच म्हणते.

"मंग लक्ष ठेवा लागन," बेबीताई म्हणाल्या.

यंदा खंडेनवमीला मला प्रसादाला बोलावलं होतं. देवाला बाहेर उभं करायचं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी मधला मार्ग काढला आहे. हत्यारांचा ट्रे आता केबिनमध्ये मांडतात, पूजेनंतर हत्यारं पुन्हा निर्जंतुक होऊन मगच आत जातात. पूजा झाली, नारळ फुटला. तेवढ्यात माधवी वहिनी झेंडूचा हार घेऊन ओटीकडे निघाल्या. मायक्रोस्कोप काही केबिनमध्ये आणता येत नाही, त्याला एक फूल तरी, असं त्यांचं म्हणणं.

दारात खुर्ची आडवी लावलेली. खुर्चीमागे बेबीताई.

"वैनी, आत वलं हाय."

"अगं, एकच फूल. दारातून ठेवते."

"वलं हाय जी."

मागून डॉक्टर आले, कपाळावर कुंकू, हातात पेढ्याचा डबा. "बेबीताई, मी तर जाऊ शकतो न?"

"साहेब, तुमी बी थांबा."

थांबले. डॉक्टर, वहिनी आणि मी बोळात उभे राहिलो, प्रसादाची ताटली हातात धरून, लोणच्याच्या वासात. तेवढ्यात जिन्यावरून एक म्हातारबुवा एका डोळ्यावर हात ठेवून वर आले आणि नाक फुलवून विचारते झाले, "काऊन वं बाई, कॅन्टीन इकडंच हाय का?"

मी माधवी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी हार डाव्या हातात घेतला.

"कॅन्टीन नाही बाबा," त्या म्हणाल्या. "हा ऑपरेशनच्या खोलीचा वास आहे. असाच असतो."

बेबीताईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या काचेतून टेबलाकडे पाहत होत्या. टेबलावरची ओल कडेकडून आत सरकत होती. शेवटी मधला ठिपकाही गेला. मग त्यांनी खुर्ची बाजूला ओढली, वहिनींच्या हातातला हार काढून घेतला, तो दाराबाहेरच्या खुंटीला अडकवला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सुकलं. चप्पल काढा अन् जा आता."

डॉक्टरांनी चप्पल काढली.